पावणं आलं

चौदा वर्षं एका माणसानं माझी भीती आपल्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये बंद करून ठेवली होती. मी मागितली, त्यानं दिली नाही. विकत मागितली, विकली नाही. जाळून टाका म्हटलं, तेही केलं नाही. त्या माणसाबद्दल कोल्हापुरात आता लोक फार आदरानं बोलतात. बोलू देत. मीही बोलणार आहे, पण माझी तक्रार आधी सांगून.

गुरुपादअण्णांचा स्टुडिओ गुजरीच्या, म्हणजे सराफ बाजाराच्या, मागच्या बोळात पहिल्या मजल्यावर होता. खाली हुपरीच्या पैंजणांचं दुकान, शेजारून वर जाणारा लाकडी जिना. घराणं कापडवाल्यांचं. भाऊ पेढीवर बसून कानडी-मराठीत गिऱ्हाइकं सांभाळायचे आणि अण्णांचं नाव निघालं की कपाळावर बोट फिरवायचे. कारण अण्णा महिन्यातले वीस दिवस पासपोर्टचे आणि लग्नाळू मुलींचे फोटो काढत आणि उरलेले दहा दिवस स्टुडिओला कुलूप लावून दाजीपूरच्या जंगलात जाऊन बसत. गव्यांचे फोटो काढायला. त्या काळी आमच्याकडे जंगलात जाणारा माणूस बंदूक घेऊन जायचा. कॅमेरा घेऊन जाणारा हा एकटाच.

मी हेडी. म्हणजे बैलांच्या बाजारातला दलाल. कोडोलीत दुसऱ्यांची गुरं राखत वाढलो, वडगावच्या बाजारात दुसऱ्यांचे कासरे धरले आणि मग स्वतःचा रुमाल टाकला. आमच्या धंद्यात भाव तोंडानं बोलत नाहीत. घेणारा आणि देणारा एका रुमालाखाली हात घालतात, बोटं दाबून आकडा सांगतात. वर चेहरा मात्र देवळातल्या दगडासारखा ठेवायचा. चेहऱ्यावर हाव दिसली तर नुकसान, आणि भीती दिसली तर त्याच्या दुप्पट. मी याच चेहऱ्यावर जीप घेतली, पेंड-सरकीचं दुकान टाकलं. एवढं आधी सांगितलं, म्हणजे पुढचं कळेल.

अण्णा पहिल्यांदा भेटले ते वडगावच्या बाजारात. पांढरा शर्ट, खाकी अर्धी विजार, गळ्यात कॅमेरा. तासभर माझ्यामागे उभे होते. शेवटी मीच वैतागून म्हणालो, "काय पावणं, बैल घ्यायचा हाय का नजर लावायची हाय?"

"बैल न्हाय घ्यायचा," ते म्हणाले. "बैल अंगावर येणार हे तुमाला आधी कसं कळतं, तेवढं शिकायचं हाय."

"शिकून काय करणार?"

"गव्याजवळ जायचं हाय."

मी हसलो आणि माझा दिवसाचा दर सांगितला, दुपटीनं. ते "बरं" म्हणाले. मी म्हटलं, जीप लागली तर तिचे वेगळे. ते "बरं" म्हणाले. मला त्या क्षणी या माणसाची पहिल्यांदा भीती वाटली. ज्याला घासाघीस करता येत नाही, त्याच्या मनात काय चाललंय ते कसं ओळखायचं?

मी त्यांना कान शिकवले, शेपूट शिकवलं, नाकपुड्या शिकवल्या. बैल आडवा झाला, कूस दाखवली, की तो निघाला समजा, असं सांगितलं. त्यांनी सगळं वहीत लिहून घेतलं. पाच-सहा महिन्यांनी एकदा म्हणाले, "बाबूराव, तुमचं एक चुकलं. बैल आडवा झाला की जातो. गवा आडवा होतो ते आपण केवढा हाय ते दावायला. त्यो इशारा असतो." कपाळाला आठी नाही, आवाजात टोमणा नाही. हेड्याला जनावर शिकवणारा हा एकच माणूस मला भेटला. राग यायचा तेवढा आला.

त्यांच्या स्टुडिओत जायचं तर चपला हातात घ्याव्या लागत. जिन्यातल्या दिव्याच्या शेडवर दर उन्हाळ्यात बुलबुल घरटं करायचा. पायऱ्या वाजल्या की मादी उडून जाते म्हणून अण्णांनी खाली पाटी लावली होती. माझ्या चपलांत कारागिराकडून खास विंचू, म्हणजे वाजणारी बी, घालून घेतलेला, चालताना असा करकर वाजायचा की बाजाराला मी येतोय ते आधी कळावं. अण्णा वरून म्हणायचे, "पावणं, विंचवाला गप्प करा." एकदा तर एक मुलगी दाखवायचा फोटो काढायला आठ नातेवाईक घेऊन आली होती. आठच्या आठ जण चपला छातीशी धरून, तोंडावर बोट ठेवून जिना चढताना मी पाहिलेत. सुशीलावहिनी, म्हणजे अण्णांच्या पत्नी, वर दारात उभ्या राहून एकेकाला हात देत होत्या. मला म्हणाल्या, "गिऱ्हाईक परत गेलं तरी चालंल, पाखरू जाता कामा न्हाय. आमच्या घराचा कायदाच तसा हाय."

त्या मुलीच्या गालावर देवीचे व्रण होते. अण्णांनी भिंगाखाली बसून, निगेटिव्हवर बारीक पेन्सिलनं एकेक व्रण भरून काढला. त्यांच्याइतका स्थिर हात मी पाहिला नाही. श्वास सोडायचा, मग पेन्सिल टेकवायची. मी विचारलं, "हितं सगळं खोटं करता आणि जंगलातल्या फोटोत एक काटकी आडवी आली तरी काढत न्हाई. का?"

"पोरीचं लगीन व्हायचं असतं, बाबूराव. गव्याचं काय व्हायचं असतं? त्याला जसा हाय तसाच ऱ्हाऊ दे."

जंगलातले त्यांचे नियम मला पाठ झाले होते. जीप दोन मैल मागे सोडायची. वारा तोंडावर घ्यायचा. झाड तोडायचं नाही, पानही बाजूला बांधायचं नाही. एका जनावराचा एका दिवशी एकच फोटो. जनावर फोटोच्या मधोमध कधी नसायचं. कडेला कुठेतरी, धुक्यात अर्धं बुडालेलं, आणि बाकी सगळं जंगल. मी म्हणायचो, पैसे गव्याचे, माल झाडांचा. त्यावर ते हसायचे. किती जवळ जायचं, याला त्यांच्याकडे एकच माप होतं. "भ्या वाटंस्तवर जायचं. भ्या वाटलं की थांबायचं. कॅमेरा तिथं लावायचा. त्याच्या म्होरं गेलं की जनावर आपल्याकडं बघाय लागतं. मग फोटो त्याचा ऱ्हात न्हाय, आपला हुतो."

हा माणूस भित्रा आहे, असं मी बाजारात सांगत असे. लोक हसत. ते हसणं पुढं मला किती महाग पडलं!

जंगलात अण्णा गव्याला गवा म्हणत नसत. पावणं म्हणत. आमच्याकडे अनोळखी माणूस दिसला की पावणं म्हणायची रीत आहे, पण यांनी ती जनावराला लावली. मी विचारलं तर म्हणाले, "त्याला ठावं न्हाय आपण कोण, आपल्याला ठावं न्हाय त्यो कोण. मग काय म्हनायचं?"

एकदा मी एक उद्योग केला. चार-चार दिवस बसून एक फोटो मिळायचा, मला ते बघवेना. एका पाणवठ्याजवळ मी त्यांना न सांगता पोतंभर मीठ टाकलं. जनावराला मीठ लागतं हे मला शिकवायला नको. दोन दिवसांनी अकरा गव्यांचा कळप सकाळच्या उन्हात ओळीनं उभा राहिला, मायलेकरांसकट. अण्णांनी फोटो काढला तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. परत येताना जीपमध्ये मी फुशारकी मारली, "मीठ माझं हुतं."

त्यांनी जीप थांबवायला सांगितली. उतरले. कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडलं आणि सगळा रोल ओढून उन्हात धरला. काळी पट्टी वाऱ्यावर फडफडत होती. मी आरडाओरडा केला, आईबापावरून शिव्या दिल्या. ते पट्टी गुंडाळत म्हणाले, "हे पावणं आपण जेवायला बोलावल्यालं. माझ्या वहीत हे बसत न्हाय."

हा रोल लक्षात ठेवा. पुढं मला त्याचाच आधार घ्यायचा होता.

बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षीची गोष्ट. एक एकांडा म्हातारा गवा होता, कळपातून हाकललेला, एक शिंग टोकाला मोडलेलं. अण्णा तीन वर्षं त्याच्यासाठी थांबले होते. लांबून दोनदा दिसला, फोटो नाही. वाडीतल्या एका माणसाला त्यानं झाडाशी चेपलं होतं आणि तो वाचला नव्हता. मला तिथं जायचं नव्हतं. पण भित्रा अण्णा जातो आणि बाबू हेडी मागे राहतो, हे बाजारात कळलं असतं तर?

आदल्या संध्याकाळी जंगलाचा गार्ड म्हणाला होता, "उद्या दुपारच्याला भाकरी घिऊन येतो. साहेबाचं पावणं आल्यात, त्यास्नी पण फिरवून आनतो." मी बरं म्हटलं. अण्णा कॅमेरा पुसत होते, त्यांनी ऐकलंच नाही.

पहाटे आम्ही लपणात बसलो. लपण म्हणजे कारवीच्या जुन्या काटक्यांचा आडोसा, दोन माणसं गुडघ्यात मान घालून मावतील एवढा. धुकं इतकं की पाच पावलांवरचं झाड उमटायचं आणि पुसलं जायचं. पानांवरून पाणी ठिपकत होतं. प्रत्येक ठिपका मला पावलासारखा वाटत होता. जळवा पोटऱ्यांवर चढल्या होत्या, पण हलायची सोय नव्हती. कुठंतरी एक पक्षी ओरडायचा आणि अचानक गप्प व्हायचा. तो गप्प झाला की माझ्या पाठीतून कळ जायची. असे सहा तास काढले. दुपारी धुकं जरा वर उचललं, भूक लागली, डोळे जड झाले.

तेव्हा अण्णा माझ्या कानाशी कुजबुजले, "पावणं आलं."

मला भाकरी दिसली. साहेबांचे पाहुणे दिसले, गार्ड दिसला. सुटलो, असं वाटलं. मी उठलो, काटक्या बाजूला सारल्या आणि बाजारातल्या आवाजात म्हणालो, "या या पावणं! किती वाट बघायला लावली—"

सात पावलांवर तो होता.

मी आयुष्यात हजारो बैल बघितलेत. हे जनावर त्यातलं नव्हतं. खांदा माझ्या डोक्याच्या वर होता. मोडकं शिंग, गुडघ्यापर्यंत पांढरे पाय, आणि नाकातून येणारा एक बारीक शिट्टीसारखा आवाज. डोळा ओला होता आणि त्यात काहीच नव्हतं. राग नाही, ओळख नाही. तो हळूहळू आडवा झाला. कूस दाखवली. त्याचा अर्थ मला आता माहीत होता. मी गुडघ्यांवर बसलो. धोतर ओलं झालेलं मला गरम लागलं तेव्हा कळलं. मी चेहरा दगडासारखा ठेवणारा माणूस. त्या वेळी माझा चेहरा काय होता, ते मला ठाऊक आहे, कारण माझा जबडा लटलट हलत होता आणि तोंडातून वासरासारखा आवाज येत होता.

आणि मागून आवाज आला, खट्ट.

कॅमेरा. मी मरत होतो आणि हा माणूस बटण दाबत होता.

गव्याचा कान त्या आवाजाकडे वळला. त्यानं एकदा लपणाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग फुर्रकन श्वास सोडला आणि चालत गेला. पळाला नाही. धुक्यानं त्याला पुढून मागे पुसत नेलं.

अण्णा बराच वेळ बाहेर आलेच नाहीत. आले तेव्हा त्यांनी स्वतःचा टॉवेल माझ्या हातात दिला आणि पाठ करून उभे राहिले. मी धोतर सोडलं, टॉवेल गुंडाळला. मग विचारलं, "काढला?"

"व्हय."

एवढंच. पुढं गार्ड आला, भाकरी आली, साहेबांचे पाहुणे माझा टॉवेल बघून हसले. मला काही ऐकू येत नव्हतं.

त्या दिवसापासून मी भिऊ लागलो. गव्याला नाही, त्या फोटोला. अण्णांचे फोटो मुंबई-पुण्याच्या मासिकांत छापून यायला लागले होते. प्रत्येक अंक आला की मी स्टँडवरच्या टपरीवर उभ्या उभ्या पानं उलटायचो. बाजारात चार जण हसले की वाटायचं, यांनी पाहिला. एकदा खिल्लारी जोडीचा सौदा चालला होता. समोरचा हेडी रुमालाखाली माझी बोटं दाबता दाबता सहज हसला. माझी बोटं थरथरली. त्यानं ती ओळखली, आणि सौदा त्याच्या भावानं झाला. त्यानंतर माझा हात पुन्हा पहिल्यासारखा कधी झाला नाही.

मी स्टुडिओत जाऊन निगेटिव्ह मागितली. जीप जन्मभर फुकट देतो म्हटलं. अण्णांनी ड्रॉवर ओढला, एक पिवळं पाकीट दाखवलं आणि ड्रॉवर बंद केला.

"हे इकायचं न्हाय."

"मग जाळा. मिठाचा रोल उन्हात घालवला की न्हाय? तसा ह्यो बी जाळा."

"त्यो खोटा हुता, बाबूराव. ह्यो खरा हाय."

"माझ्या अब्रूचं काय?"

त्यांनी ड्रॉवरला किल्ली लावली. सुशीलावहिनी आतून चहा घेऊन आल्या, दोघांचे चेहरे बघून तशाच आत गेल्या.

चार-पाच वर्षांनी शहरातल्या एका हॉलमध्ये अण्णांचं प्रदर्शन लागलं. मला आमंत्रण आलं. रात्रभर विचार करून शेवटी मी गेलो, कारण न जाता घरी बसून तो फोटो कुणी पाहिला असेल याचा विचार करणं जास्त भयंकर होतं. भिंतीवर चाळीस-पन्नास फोटो होते. प्रत्येक फोटोसमोर मी आधी काळा आकार शोधायचो, मग त्याच्यापुढं गुडघ्यांवर बसलेला माणूस. गवे होते, शेकरू होतं, पावसानं वाकलेलं जंगल होतं. मी नव्हतो. शेवटच्या भिंतीवर एक खिळा मोकळा होता.

अण्णा शेजारी येऊन उभे राहिले. म्हणाले, "त्यो फोटू हितं लावणार हुतो. ऐनवेळी काढला. अजून बघवत न्हाय."

भरल्या हॉलमध्ये मी त्यांची गचांडी धरली. "माझी कीव करतोस? तू? भित्रट!" लोकांनी सोडवलं. त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद. जीप मी विकली. दाजीपूरच्या वाटेला मी पुन्हा गेलो नाही. नऊ वर्षं अशी गेली आणि ते पिवळं पाकीट माझ्या छातीवर बसून राहिलं.

मग एका दुपारी वहिनींचा निरोप आला. "अण्णांनी बोलावलंय. जमंल तवा या."

जिना चढताना सवयीनं चपला हातात घेतल्या. अण्णा खिडकीशी बसले होते, अंगानं निम्मे झालेले. उजवा हात मांडीवर नुसता थरथरत होता, वाऱ्यात पान हलावं तसा. तोच हात, ज्यानं त्या मुलीचे व्रण भरले होते. "कंपवात," वहिनी म्हणाल्या. "आता कॅमेरा धरता येत न्हाय. दोन वर्सं झाली."

अण्णांनी डाव्या हातानं पाकीट पुढं केलं. मी फाडलंच म्हणा. खिडकीतल्या उजेडाकडे ती पट्टी धरली.

काही दिसेना. करड्या रेघा, एकावर एक सरकलेल्या. झाडाचं खोड तीन वेळा. एक मोठा पांढुरका डाग, तो गवा असावा, कारण निगेटिव्हमध्ये काळं पांढरं दिसतं. खाली एक लहान डाग, तो मी. आणि तोही पाठमोरा. अण्णा माझ्या मागे बसले होते. माझा चेहरा त्यांना दिसणं शक्यच नव्हतं. बैलांचे दात मोजून वय सांगणाऱ्या माझ्यासारख्याला चौदा वर्षं एवढी साधी गोष्ट सुचली नव्हती.

"हाललाय की सगळा," मी म्हणालो.

"व्हय. आयुष्यात तेवढाच हालला."

"मग मला का द्यायचा न्हाय?"

"तुमचा कुठं हाय त्यो? माझा हाय." ते थांबत थांबत बोलत होते. "पावणं आलं, असं मीच म्हणालो. तुमी उठला. मला वाटलं, संपला ह्यो माणूस, आणि माझ्यापायी. वराडाय गेलो, तोंड उघडंना. हात हलंना. बोट तेवढं हाललं."

मी पट्टी पुन्हा उजेडात धरली.

"लोकं म्हणत्यात अण्णाचा हात दगडावानी. खोटं हाय. त्या एका फोटूत खरं हाय. लावायचा हुता भिंतीवर. धीर झाला न्हाय."

माझ्या तोंडातून सवयीनं गेलं, "किती घ्यायचं?"

ते हसले. खोकला येईपर्यंत हसले. वहिनीही आतून हसल्या. मग त्यांनी आपला थरथरता हात माझ्या हातावर ठेवला, वर रुमाल नव्हता, आणि दोन बोटं दाबली. आकडा काही लागला नाही. बोटं कुणाची हलत होती, तेही मला सांगता आलं नसतं.

निगेटिव्ह आता माझ्या तिजोरीत आहे. माझी तक्रार अजून आहे. एवढंच सांगायला त्यांनी चौदा वर्षं लावली, आणि मला विचारायला कुणी बंदी केली होती, हा प्रश्न मला स्वतःला विचारावासा वाटत नाही.

निघालो तेव्हा ते जिन्याच्या वरच्या पायरीपर्यंत आले. उजवा हात डाव्या हातात धरून ठेवलेला, एखादं पाखरू धरावं तसा. मी चपला उचलल्या आणि खाली उतरायला लागलो.

"पावणं," ते वरून म्हणाले, "चपला घाला की. औंदा बुलबुल आला न्हाय."

मी वर पाहिलं. दिव्याची शेड रिकामी होती. अण्णा तिच्याकडेच बघत उभे होते. मी एकेक पायरी न वाजवता उतरलो. बोळ ओलांडला, गुजरीत आलो. पेढीवरचा एक ओळखीचा माणूस माझ्या पायांकडे बघायला लागला, तेव्हा ध्यानात आलं की चपला अजून हातातच आहेत.